चळतीच्या माथ्यावरचं उत्तर

उकडलेल्या हळदीचा वास आला की मला राग येतो. वास वाईट नाही. मातीसकट रताळी शिजत घालावीत आणि भांड्याचं झाकण थोडं सरकवून ठेवावं, तसा काहीसा तो असतो. गोडसर, उग्र, घशात बसणारा. शिमगा सरला की परभणीच्या आजूबाजूच्या शिवारांत हळद शिजवायचे कुकर लागतात. कुकर म्हणजे घरातला नव्हे. मोठाल्या लोखंडी टाक्या, खाली पेटलेली कापसाची पऱ्हाटी आणि नळीतून सुसाटणारी वाफ. परवा पेडगावच्या रस्त्यानं मोटारसायकलवर येताना तो वास अंगावर आला. वास पुढच्या वळणावर संपला. राग घरापर्यंत सोबत आला.

बाकीच्यांना हा हंगाम हळदीचा. मला तो तोंडी परीक्षांचा. मी परभणीतल्या एका कॉलेजात संगणक शिकवतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची परीक्षा याच दिवसांत येते. लॅबच्या खिडकीत कूलर लावलेला असतो; तो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो. बाहेर निंबाचा बारीक पांढरा मोहोर गळून पायऱ्यांवर साचतो आणि पोरांच्या चपलांना चिकटून आत येतो. मधेच लाइट जाते. सगळे यूपीएस एका सुरात किंचाळायला लागतात. बाहेरगावाहून आलेले परीक्षक रुमालानं मान पुसतात, माठातलं पाणी मागतात, आणि पोरं आपापल्या काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या जाडजूड प्रती छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रांगेत सुजाता होती. पेडगावची. घरची एकरभर जमीन, तेवढीच दुसऱ्याची बटईनं, पिकाच्या वाट्यावर केलेली. आपली हळद निघाली की माय-लेकी इतरांच्या हळदीवर मजुरीला जायच्या. त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत तिची नखं पिवळी असायची. साबणानं जात नाही तो रंग. लॅबमध्ये कीबोर्डवर तिची बोटं पाहून मागच्या बाकावरचा एक जण एकदा म्हणाला, "काय गं, हळद लागली का?"

ती मान न वळवता म्हणाली, "लागली ना. तुला मात्र वऱ्हाडात घेणार न्हाई."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. माझं गाव झरी. आमचीही हळद असायची, पुष्कळ. पण माझी नखं कधी पिवळी झाली नाहीत. आमच्या हळदीनं दुसऱ्यांची नखं पिवळी व्हायची. हे मला त्या दिवसापर्यंत खटकलं नव्हतं, तेही इथं लिहून ठेवतो.

सुजातानं काय केलं होतं ते सांगायचं तर थोडं आत शिरावं लागेल. ईमॅक्स नावाचा एक जुना मजकूर-संपादक आहे. ज्यात आपण टाइप करतो, खोडतो, फाइल साठवतो, तसला प्रोग्राम. त्याचा बराचसा भाग लिस्प भाषेत लिहिलेला आहे. कंसात कंस, त्याच्यात पुन्हा कंस. वापरणाऱ्याला त्याचं पोट उघडून पाहता येतं, हे त्याचं मोठेपण. लिस्पमध्ये लिहिलेलं भरभर चालावं म्हणून ते आधी बारीक आज्ञांमध्ये दळून घेतात. त्या दळणाला बाइटकोड म्हणतात. प्रत्येक आज्ञेला एका बाइटात मावेल असा एक आकडा, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. तेवढ्याच जागा. तेवढ्यात सगळा संसार बसवायचा.

या आज्ञा एका चळतीवर काम करतात. पुस्तकात स्टॅक म्हणतात. वर्गात मी चळत म्हणतो, कारण भाकरीची चळत सगळ्यांनी पाहिलेली असते. ताजी भाकरी वर पडते आणि घेणारा वरचीच घेतो. समजा, दोन आकड्यांची बेरीज करून तिची दुप्पट करायची आहे. आधी चळतीवर दोन ठेवला जातो. त्याच्यावर पहिला आकडा, त्याच्यावर दुसरा. बेरजेची आज्ञा वरचे दोघे उचलते आणि त्यांच्या जागी त्यांची बेरीज ठेवते. तोवर तळातला दोन गप्प बसून असतो. मग गुणाकार येतो आणि त्याची पाळी लागते. शेवटी रिटर्न नावाची आज्ञा येते. चळतीच्या माथ्यावर जे काही असेल ते उचलून ती बाहेर देते. ते कोणी ठेवलं, खाली आणखी काय आहे, हे तिला विचारायचं नसतं.

सुजातानं ईमॅक्समधली दळलेली फंक्शनं बाहेर काढून स्वतःच्या प्रोग्राममध्ये एकेक आज्ञा करून चालवली. पडद्यावर चळत दिसायची, वर-खाली होणारी. प्रत्येक आज्ञेचं नाव तिनं मराठीत घातलं होतं. नावाला किंमत बांधणारी आज्ञा तिनं ‘गाठ मार’ केली, आणि बांधलेलं सोडणारी ‘गाठ सोड’. मी म्हटलं, जरा शास्त्रीय शब्द बघ. ती म्हणाली, "सर, शास्त्रीय शब्दानं गाठ सुटती का?" मी गप्प बसलो. तेव्हा मला गप्प बसता येत होतं.

सगळ्या आज्ञांचा तिनं एक तक्ता केला होता, त्यात काही ओळी फिक्या रंगाच्या होत्या. त्या आज्ञा आता नव्या दळणात कधीच निघत नाहीत. पण त्यांतल्या काहींच्या जागा अजून कुणी काढून घेतलेल्या नाहीत. कुणाच्या तरी संगणकात फार जुनी दळलेली फाइल पडून असेल तर तीही चालावी म्हणून. दोनशे छप्पन्न जागांच्या घरात, जिथं नव्याला जागा पुरत नाही, तिथं कधी न येणाऱ्यांसाठी पाट मांडून ठेवलेले. तो तक्ता दाखवताना तिचा आवाज बदलायचा. का, ते मी विचारलं नाही.

आणि एक चूक होती. साध्या हिशेबाची फंक्शनं तिच्याकडे नीट चालायची. पण "अमुक असेल तर तिकडे जा" अशी उडीची आज्ञा आली की तिचा प्रोग्राम भलतीकडेच जाऊन पडायचा. कुठं जायचं तो आकडा आज्ञेच्या मागच्या दोन बाइटांत असतो. दोन आठवडे ती त्या दोन बाइटांपाशी अडून बसली. मी म्हटलं, ईमॅक्सचा मूळ कोड वाच, त्यात सापडेल. मग एका सोमवारी आली आणि म्हणाली, "धाकटा बाइट आधी असतो सर. मी थोरल्याला आधी वाचत होते." उडी बरोबर पडायला लागली. मी खूश झालो. माझ्या सल्ल्यानं काम झालं असं धरून चाललो.

आता रागाकडे येतो. त्या दिवशी परीक्षेला तिच्याआधी जी पोरं गेली, त्यांतल्या अनेकांचा प्रकल्प ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ होता. असे प्रकल्प तयार विकत मिळतात, हे परभणीत कुणाला सांगायची गरज नाही. बांधणी, सोनेरी अक्षरं, सगळं आलं. नाव तेवढं आपलं घालायचं. त्या सगळ्या दवाखान्यांत एकच पेशंट दाखल होता. तोच माणूस, तोच ताप, तीच खाट. एकापाठोपाठ एक पोरगा यायचा आणि पडद्यावर तो बिचारा पुन्हा नव्यानं दाखल व्हायचा. परीक्षक मान डोलवायचे, "छान. पुढे काय सुधारणा करता येतील?" विचारायचे, आणि पोरगं "मोबाइल अॅप करता येईल सर" म्हणून बाहेर पडायचं.

मग सुजाता आली. परीक्षकांनी पडद्याकडे पाहिलं, चळत पाहिली, फिका तक्ता पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं.

"गाव कोणतं?"

"पेडगाव."

"वडील काय करतात?"

"शेती. थोडी आपली, थोडी बटईनं."

"अच्छा." हा अच्छा मला अजून ऐकू येतो. मग त्यांनी खुर्ची मागे टेकवली आणि अगदी मायेनं विचारलं, "हे तुला कोणी करून दिलं?"

त्या पेशंटबद्दल एकालाही हा प्रश्न विचारला नव्हता. जे उघड उघड दुसऱ्यानं करून दिलेलं होतं, तिथं कुणाला शंका आली नाही, कारण ते ओळखीचं होतं. पोरांची आडनावं ओळखीची, बुटांना पॉलिश, प्रकल्प नेहमीचा. शंका आली ती जे खरोखर स्वतः केलेलं होतं तिथं. मी असंच चिडून आजवर कितीतरी लोकांना हे सांगितलं आहे. प्रश्न चुकीचा नाही. परीक्षकानं तो विचारलाच पाहिजे. पण मग सगळ्यांना विचारा. भिंतीला टेकलेल्या पूर्ण रांगेला विचारा. बोटं बघून विचारणार असाल तर ती परीक्षा नव्हे, नाक्यावरची झडती आहे.

सुजातानं तोंड उघडलं होतं. मला ते दिसलं होतं. आणि मी उभा राहिलो.

मी अंतर्गत परीक्षक होतो, तिचा मार्गदर्शक होतो, आणि मला संताप आला होता. मी बोलत सुटलो. बाइटकोड म्हणजे काय ते सांगितलं. चळत सांगितली. फिक्या ओळींचा अर्थ सांगितला, तोही माझ्या मनानं लावलेला. उडीच्या आज्ञेची चूक सांगितली; दोन आठवडे कसे गेले, मूळ कोड वाचून धाकटा बाइट कसा सापडला, हे रंगवून सांगितलं. पंखा फिरत होता, कूलर घरघरत होता, आणि माझा आवाज त्या दोघांच्या वर होता. मधे एकदा सुजाता "सर…" म्हणाली. मी हात वर केला. थांब, मी बघतो, अशा अर्थानं. माझं संपलं तेव्हा परीक्षक हसले, माझ्याकडे पाहून. म्हणाले, "वा. मार्गदर्शक फार चांगले लाभलेत तुला." आणि त्यांनी मार्क लिहिले.

मला वाटलं, मी जिंकलो.

घरी येऊन मी जेवताना सगळी हकिकत मंगलला सांगितली. मंगल माझी बायको. कोर्टात कारकून आहे, साक्षी ऐकण्यात तिचं आयुष्य गेलं. मी हातवारे करून सांगत होतो. तिनं ताटात वरण वाढलं आणि विचारलं, "आन् ती काय म्हणली?"

"कोण?"

"पोरगी."

"तिला बोलायची वेळच येऊ दिली नाही मी. असं झाडलं त्यांना…"

"म्हंजे प्रश्न तिला, आन् साक्ष तुमची." ती वाटी पुढं सरकवत म्हणाली. "तुमी लय बोलता."

मी त्या रात्री तिच्यावरही रागावलो. मी बाजू घेतली आणि ही मलाच ऐकवते, असं वाटलं. निकाल लागला. सुजाता पास झाली, पण पहिला वर्ग हुकला, आणि तिला जिथं पुढं संशोधनाला जायचं होतं तिथं पहिल्या वर्गाखेरीज अर्जच घेत नव्हते. ती पेढे घेऊन आली होती. म्हणाली, "पास झाले ना सर." मी पुन्हा परीक्षकांवर, व्यवस्थेवर, जातीवर, हॉस्पिटल मॅनेजमेंटवर बोलत राहिलो. तिनं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि माझं संपेपर्यंत उभी राहिली.

दरवर्षी मी नव्या पोरांना तीच चळत शिकवतो. फळ्यावर खडूनं डबे काढतो, एकावर एक. रिटर्नशी आलो की हात अडतो. माथ्यावर जे असेल ते उचलायचं. त्या दिवशी तिचं उत्तर चळतीवर ठेवायच्या बेतात होतं. माझा संताप मी त्याच्यावर ठेवला. परीक्षकानं वरचं उचललं. त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा होती? परीक्षकावरचा राग माझा खरा आहे, तो मी सोडणार नाही. पण "हे हिनं केलेलं नाही" असं तो नुसतं मनात धरून बसला होता. त्याला भर लॅबमध्ये पुरावा दिला तो मी. बाजू घेतो असं म्हणत मी तिच्या समोरच उभा राहिलो होतो, आणि माझी पाठ तिच्याकडे होती.

यंदा तर तयार प्रकल्प विकणाऱ्या दुकानाचीही गरज उरलेली नाही. मोबाइलला सांगितलं की प्रकल्प, अहवाल, प्रस्तावना, आभार, सगळं लिहून मिळतं. आमच्या विभागाच्या बैठकीत एक सहकारी म्हणाले, "आता कोणाला काय विचारणार? सोडून द्या." सोडून द्या! ज्यांना कधीच विचारलं नव्हतं त्यांना आता विचारायचंच नाही, आणि ज्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं त्यांचं काय? मी टेबलावर हात आपटला. मग आपटलेल्या हाताकडे बघत खाली बसलो.

गेल्या रविवारी सकाळी सुजाता घरी आली. आता ती पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. हळदीसाठी चार दिवस गावी आली होती. नखं पिवळी. मंगलनं तिला आत बोलावलं, चहा ठेवला. मग सुजातानं सांगितलं की ज्या संस्थेत तेव्हा अर्ज करता आला नव्हता, तिथं आता नोकरीचा अनुभवही धरतात. तिनं अर्ज केला होता. पुढच्या आठवड्यात मुलाखत. तोच प्रकल्प तिनं पुढं वाढवला होता, तोच घेऊन जाणार होती.

मी लगेच उठलो. "मी शिफारस लिहून देतो. चांगली सविस्तर लिहितो. त्या वेळी काय झालं तेही लिहितो, कळू दे त्यांना…"

"शिफारस नको सर."

"मग?"

"प्रश्न विचारा."

"कोणता?"

"तोच. तिथंबी कुणीतरी विचारणारच हाय. मला ते उत्तर तोंडानं एकदासुदिक देता आलं न्हाई. सराव करायचाय."

मी खुर्चीत बसलो. तो प्रश्न मी मनात हजारदा परीक्षकाच्या आवाजात ऐकला होता. माझ्या तोंडून तो निघेना. स्वयंपाकघरातून मंगलचा आवाज आला, "विचारा की. कामून थांबलाव?"

"हे…" मी तिच्या लॅपटॉपकडे बोट केलं. "हे तुला कोणी करून दिलं?"

"कुणी न्हाई. मी केलं," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मग ती बोलू लागली. मुलाखतीची भाषा आणि पेडगावची भाषा एकमेकींत मिसळत होत्या. चळतीपासून सुरुवात नव्हतीच. तिनं सुरुवात केली ती फिक्या ओळींपासून. मी त्या दिवशी त्यांना निरुपयोगी पण ऐतिहासिक महत्त्वाच्या म्हटलं होतं. ती म्हणाली, "निरुपयोगी न्हाईत. कुणी तरी कधी तरी लिहिलेलं हाय, आन् त्यानं लिहिताना भरवसा ठेवला व्हता की हा आकडा म्हंजे हेच. तो भरवसा मोडायचा न्हाई, म्हणून जागा राखली. मला समद्या आज्ञांत हेच लय आवडतं." तिचा आवाज का बदलायचा ते मला आता कळलं. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

मग ती उडीच्या चुकीवर आली. माझ्या ओळखीची जागा. मी पुढं झुकलो. "आणि मग तू मूळ कोड वाचलास आणि…"

"सर, डिस्कार्ड."

मंगल चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "म्हंजे काय गं?"

"एक आज्ञा हाय काकू. चळतीवरची वरची भाकरी काढून टाकायची."

"आमच्या घरात लय आधी पायजे होती ती," मंगल म्हणाली आणि कप ठेवून तिथंच बसली.

"मूळ कोड मी वाचला व्हता," सुजाता पुढं म्हणाली. "पण त्यातून डोक्यात शिरलं न्हाई. रविवारी कुकरपाशी व्हते. माय हळदीच्या पाट्या मोजत व्हती. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. मी टाकीजवळ उभी राहून नुसती ऐकायले. सत्तावीस. सात आधी, वीस मागून. लिहिताना आपण वीसचा दोन आधी लिहितो, बोलताना साताला आधी काढतो. म्हणलं, मी लिहिल्यासारखं वाचायलेय, आन् हे यंत्र मायसारखं मोजतंय. धाकटा आधी. तिथून पळत घरी आले, हात तसेच पिवळे, आन् दोन बाइट उलटे केले. उडी बरोबर पडली. माय मागून वरडायली, पाटी कोण उचलणार म्हणून."

मी भरलेल्या लॅबमध्ये या चुकीची हकिकत सांगितली होती, आणि ती हकिकत खोटी होती. तिच्या कामावर मी नुसता बोललो नव्हतो. त्यातून कुकर, पाट्या आणि तिची माय काढून टाकून तिथं माझा सल्ला बसवला होता. माफी ओठांवर आली. माफीही पुष्कळ लांब झाली असती. तिचं कारण, माझं कारण, परीक्षक, व्यवस्था. मी चहाचा कप तोंडाला लावला.

खिडकीतून उन्हाबरोबर तो वास आत आला. रस्त्यानं हळदीचा ट्रॅक्टर चालला असावा. माझा राग गेला नव्हता. तो छातीत बसून होता, पण खाली, तळाशी. वर तिचं बोलणं होतं.

तिचं उत्तर संपलं. तिनं लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला, पाय आखडून नीट बसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता पुढचा प्रश्न. अवघड विचारा."

मी विचारला, आणि थांबलो.